शिकवायचंय की नुसतं जायचंय?

ताई, नमस्कार.

मी भांडुपला राहते, वय २७. इंग्रजी घेऊन एमए केलं, मग बीएड. आता दादरच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरावी-बारावी कॉमर्सला इंग्रजी शिकवते. परदेशात टीचिंग असिस्टंट म्हणून जायला ग्रँट मिळते असं एका मैत्रिणीकडून कळलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेतल्या ‘इंग्लिश टीचिंग असिस्टंट’चे नमुना निबंध वाचले, फ्रान्सच्या योजनेबद्दल वाचलं (अकरावी-बारावीला माझं फ्रेंच होतं), ब्रिटिश कौन्सिलचंही काही सापडलं. यातलं माझ्यासाठी नेमकं काय?

निबंधाचा मसुदा सोबत जोडलाय, थोडा एआयकडून सुधारून घेतलाय. शिफारसपत्र मागायला गेले तर प्राचार्य सर म्हणाले, “तूच टाइप करून आण, मी सही करतो.” ठाण्यातला एक कन्सल्टंट साठ हजारांत प्लेसमेंटची गॅरंटी देतोय. बाबा म्हणतात, “नऊ महिने जाऊन नुसतं असिस्टंट? ना डिग्री, ना पैसा, आणि इथलं कामही गेलेलं. त्यापेक्षा प्राध्यापकीची सेट परीक्षा पास हो.” आत्याने तर स्थळंच आणायला सुरुवात केलीय.

खरं सांगायचं तर माझ्याकडे लिहिण्यासारखं विशेष काही नाही. गेल्या वर्षी औपचारिक पत्रलेखन शिकवताना मुलांना खरोखरची पत्रं लिहायला लावली होती, आपापल्या सोसायटीच्या नाहीतर चाळीच्या सेक्रेटरीला. एका मुलाच्या पत्रामुळे त्यांच्या जिन्यातला बंद पडलेला दिवा लागला, म्हणून त्याने वर्गात पेढे वाटले. पण असलं काही फुलब्राइटला काय सांगणार! तुम्हीच सांगा, काय करू?

एक वाचक, भांडुप

*

कन्सल्टंटचा विषय आधी संपवते. साठ हजार सोड, साठ रुपयेही देऊ नकोस. फुलब्राइटच्या अर्जाला फी नसते, आणि निवडीची हमी खुद्द निवड करणारेसुद्धा देत नाहीत. गॅरंटी देणारा माणूस एक तर तुझाच फॉर्म तुझ्याकडून भरून घेऊन त्याचे पैसे लावणार, नाहीतर भलत्याच व्हिसावर भलत्याच कामाला पाठवणार. त्याचा नंबर ब्लॉक कर.

आता गोंधळाकडे येते. तू वाचलेले निबंध अमेरिकन मुलांचे आहेत. ‘इंग्लिश टीचिंग असिस्टंट’ ही योजना अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांसाठी असते. तिकडचा पदवीधर दुसऱ्या देशातल्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मदतनीस म्हणून जातो. ब्रिटिश कौन्सिलची इंग्लिश लँग्वेज असिस्टंट योजनाही ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांची. फ्रान्सबद्दल इंग्रजीत सापडणारी बहुतेक माहिती अमेरिकन अर्जदारांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. तुझं आत्तापर्यंतचं वाचन म्हणजे चर्चगेटच्या फलाटावर उभं राहून कर्जत लोकलची वाट बघणं झालं.

तुझी योजना वेगळी आहे. तिचं नाव फुलब्राइट फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट, थोडक्यात एफएलटीए. अमेरिकेबाहेरचे तरुण शिक्षक एका शैक्षणिक वर्षासाठी तिथल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात जातात आणि स्वतःची भाषा शिकवतात. भारतातले अर्ज यूएसआयईएफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन, ही संस्था घेते. वयाची अट २१ ते २९. इंग्रजी शिकवणारे, किंवा त्याचं शिक्षण घेतलेले उमेदवार त्यांना हवे असतात. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास शिकवण्याचं किंवा शिकवायला मदत करण्याचं काम. त्याशिवाय प्रत्येक सत्रात स्वतः दोन विषय शिकायचे, त्यातला निदान एक अमेरिकेचा अभ्यास किंवा इंग्रजी अध्यापन यातला. विमानाचं जाण्यायेण्याचं भाडं, दरमहा भत्ता, आरोग्यविमा आणि त्या विषयांची फी योजनेतून मिळते. पदवी मिळत नाही. विद्यापीठ तू निवडायचं नाहीस. इथून नाव सुचवलं जातं, मग तिकडची विद्यापीठं आपल्या गरजेप्रमाणे उमेदवार घेतात. न्यूयॉर्क डोक्यात ठेवून अर्ज करायचा आणि मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावातलं कॉलेज मिळायचं, हे अगदी शक्य आहे. (माझ्या मते छोटं गाव चांगलं. तिथे तुझ्याशी बोलायला लोकांना वेळ असतो.)

यातली गंमत तुझ्या लक्षात आली असेल. इथे तू इंग्रजी शिकवतेस, तिथे जाऊन शिकवशील बहुधा हिंदी. कोणत्या भारतीय भाषांसाठी अर्ज घेतात ते त्या-त्या वर्षीच्या सूचनेत असतं. यादीत मराठी असेल तर बेधडक मराठी लिही. अमेरिकेत मराठी शिकवणारी विद्यापीठं आहेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ त्यातलंच एक, आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग पुण्यात चालतात, तिथे तिकडचे विद्यार्थी येऊन शिकतात. पण जागांच्या हिशेबाने हिंदीचं पारडं जड असणार हे धरून चाल.

आणि इथे जरा कान पकडते. आपली मुंबईची हिंदी मुलाखतीत चालत नाही. ‘मेरे को’, ‘तेरे को’, ‘वो आयेला है’ हे रिक्षात ठीक आहे. आपण मराठी माणसं नपुंसकलिंगी शब्द हिंदीत बिनदिक्कत पुल्लिंगी करून टाकतो आणि ‘मेरा किताब’, ‘अच्छा पुस्तक’ म्हणून मोकळे होतो (हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी). ज्याला पहिल्यांदाच भाषा शिकवायची त्याला तू चुकीचं लिंग शिकवलंस तर ते त्याच्या जिभेवर कायमचं बसेल. तेव्हा आत्तापासून रोज हिंदीतलं काहीतरी मोठ्याने वाच, आणि उत्तरेकडची एखादी सहकारी असेल तर तिला चुका दाखवायला सांग. लाजू नकोस. ‘ने’ कधी लागतो आणि का, हे परक्या माणसाला पाच वाक्यांत समजावता येतंय का, हे स्वतःवर करून बघ. मराठीच्या जोरावर ‘मैंने रोटी खाई’ आपल्या तोंडून बरोबरच निघतं. पण का निघतं ते सांगायला गेलं की आपली त-त-प-प होते, आणि तिकडे तुझं काम तेच सांगण्याचं आहे.

आता बाबा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्यातलं अर्धं बरोबर आहे. सीनियर कॉलेजात कायम नेमणूक हवी असेल तर बहुतेकांना सेट-नेट चुकत नाही, एफएलटीएने ती अट सुटणार नाही. पैसाही शिल्लक पडणार नाही. भत्ता राहण्याखाण्यापुरता असतो, त्यातून इथला फ्लॅट होत नाही. पण ‘इथलं काम गेलं’ हे मात्र कागदावर मांडून बघायला सांग त्यांना. फुलब्राइटचं वर्ष साधारण ऑगस्टला सुरू होतं आणि मे महिन्यात संपतं. तासिका तत्त्वावरच्या नेमणुका तशाही दरवर्षी नव्याने होतात, जून-जुलैत मुलाखती होतात. म्हणजे तू परत येशील तेव्हा पुढच्या वर्षीच्या मुलाखती तोंडावर असतील. ज्या नोकरीत उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे मिळत नाहीत, ती एक वर्ष सोडताना तू नेमकं काय सोडतेस? हा प्रश्न बाबांना भांडण म्हणून विचारू नकोस, हिशेब म्हणून विचार. त्यांना हेही सांग की ही कोण्या एजंटची स्कीम नाही. फुलब्राइट योजना १९४६ पासून आहे, भारत आणि अमेरिकेचा करार १९५० चा, आणि २००८ पासून भारत सरकारही खर्चाचा वाटा उचलतं म्हणून इथल्या कितीतरी शिष्यवृत्त्यांना फुलब्राइट-नेहरू नाव आहे. वडील पिढीला सरकारी शिक्का दिसला की आवाज जरा खाली येतो.

त्यांना एक गोष्ट आपणहून सांग, नाहीतर ती नंतर बाहेरून कळेल आणि विश्वास जाईल. या योजनेत जे-१ व्हिसा मिळतो आणि त्याला दोन वर्षांची अट असते. काम संपल्यावर परत यायचं आणि एकूण दोन वर्षं मायदेशी राहायचं. ती पुरी होईपर्यंत तिकडचा नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. अट माफ करून घेण्याचा रस्ता कागदावर आहे, पण फुलब्राइटवाल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये. शिकायला पुन्हा जायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा मिळू शकतो, पण अट तेवढ्याने पुसली जात नाही, ती मागे उभी राहतेच.

म्हणून मी शीर्षकात विचारलेला प्रश्न तुलाच विचारते. तुला शिकवायचंय, की इथून एकदाचं निघायचंय? निघायचं असणं हा काही गुन्हा नाही. तासांच्या हिशेबाने मानधन, तेही कधी हातात पडेल याचा भरवसा नाही, वर घरी आत्याची स्थळं, कोणालाही निघावंसं वाटेल. पण निघायचं असेल तर एफएलटीए हा चुकीचा दरवाजा आहे, तो तुला बरोबर परत आणून सोडतो. शिकवण्यात जीव असेल तर मात्र याच्याइतकं चांगलं वर्ष तुला कुठे मिळणार नाही. तुझ्या पत्रावरून मला उत्तर कळलंय असं वाटतं, पण ते तू स्वतःला द्यायचं आहेस. मुलाखतीतसुद्धा तेच विचारतील, फक्त गोड शब्दांत: परत आल्यावर काय करणार?

आणि आता निबंध. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तुझी खरी अडचण इथे आहे.

तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. लहानपणापासून शिक्षिका व्हायचं स्वप्न, मग मंडेलांचं शिक्षणावरचं ते वाक्य, मग भारताची विविधतेतली एकता, मग दिवाळी, रांगोळी, बॉलिवूड, आणि शेवटी दोन देशांमधला पूल. इंग्रजी निर्दोष आहे. पण हा निबंध इंदूरच्या मुलीनेही पाठवला असता आणि कोइम्बतूरच्या मुलानेही. त्यात भांडुप नाही, दादर नाही, कॉमर्सचा वर्ग नाही, तू तर नाहीसच. मी विद्यार्थ्यांचे असले अर्ज बरेच वाचते, आणि एआयने गुळगुळीत केलेला निबंध आता दुसऱ्या ओळीला ओळखू येतो. सगळी वाक्यं एकाच मापाची असतात आणि कुठेही कोणी माणूस नसतो. शिवाय त्यातून एक सूर लागतो, तो तर फारच नको: मी गुणी मुलगी आहे, मला संधी द्या. ही ग्रँट गुणी मुलीला मिळणारं बक्षीस नाही. तिकडच्या एका वर्गाला शिक्षक हवा आहे, आणि तो शिक्षक तू आहेस हे दाखवायचं आहे. विद्यार्थिनी म्हणून अर्ज करू नकोस, शिक्षिका म्हणून कर.

आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही म्हणे! बाई, पत्राच्या शेवटी ‘असलं काही’ म्हणून जे झटकून टाकलंस ना, निबंध तोच आहे.

बसून आठव. वर्गात किती मुलं होती? त्यातली मराठी माध्यमातून आलेली किती, इंग्रजी माध्यमातली किती? सेक्रेटरीला पत्र लिहायचं हे तुला का सुचलं? पहिल्या खेपेला त्यांनी काय लिहून आणलं? माझी पैज आहे, निम्म्यांनी गाइडमधलं ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ उतरवलं असणार, आणि तिथून पुढे गाडी अडली असणार, कारण गाइडमध्ये जिन्यातला दिवा नसतो. मग तू काय केलंस? त्यांना आधी मराठीत बोलायला लावलंस का? फळ्यावर काय लिहिलंस? दिवा लागलेल्या त्या मुलाचं पहिलं पत्र आणि शेवटचं पत्र यात काय फरक होता? आणि ज्यांच्या पत्राला उत्तरच आलं नाही त्यांचं काय? त्यांना तू काय सांगितलंस? हा शेवटचा प्रश्न सोडू नकोस. यशाची गोष्ट सगळेच लिहितात, वाचणाऱ्याला शिक्षक दिसतो तो तास फसल्यावर पुढच्या तासाला काय केलं त्यातून.

आता हे तिकडच्या वर्गाला कसं जोडायचं ते बघ. अमेरिकेत हिंदी शिकायला बसलेल्या मुलांमध्ये साधारण दोन तऱ्हा असतात. काही भारतीय घरातली: आजीचं बोलणं समजतं, उत्तर इंग्रजीत देतात, देवनागरी वाचता येत नाही. काही अगदी कोरी पाटी. दोन्ही एकाच बाकावर. आता तुझा अकरावीचा वर्ग आठव. कॉन्व्हेंटमधून आलेला पोरगा इंग्रजी फाडफाड बोलतो पण लिहिताना स्पेलिंगची वाट लावतो, आणि शेजारी मराठी माध्यमातली मुलगी व्याकरण पाठ करून आलेली पण तोंड उघडत नाही. दोघांना एकाच तासात सांभाळायचं काम तू रोज करतेस. हे तू सोडून दुसरं कोण इतक्या अधिकाराने लिहू शकेल? हा परिच्छेद लिहिलास की मंडेलांना सुट्टी देता येईल.

संस्कृतीबद्दलही लिहावं लागतं, कारण एफएलटीएचं काम वर्गापुरतं नसतं. जेवणाच्या टेबलावर बसून भाषेत गप्पा, सिनेमाची संध्याकाळ, विद्यार्थ्यांचा क्लब हे सगळं त्यात येतं. इथेही रांगोळीच्या आधी तुझं स्वतःचं काहीतरी असू दे. तू रोज भांडुप-दादर करतेस ना? डब्यातली घोषणा ऐक: ‘पुढील स्टेशन दादर, अगला स्टेशन दादर’, आणि मग इंग्रजीत. हिंदीचा पहिला तास याच्यावर बेतता येईल. ‘स्टेशन’ विद्यार्थ्याला येतोच, ‘दादर’ हे नाव आहे, म्हणजे नवा शब्द उरला एकच. फळ्यावर मध्य रेल्वेची सात-आठ स्टेशनं लिहायची, एकाने घोषणा करायची, बाकीच्यांनी उतरायचं. दहा मिनिटांत वर्ग हिंदीत बोलायला लागतो, आणि लोकलमध्ये तीन भाषा का ऐकू येतात हे सांगितलं की मुंबई आपोआप वर्गात येते. मुलाखतीला जाताना असा पाच मिनिटांचा एक तास खिशात ठेव. ‘तुम्ही पहिल्या दिवशी काय शिकवाल?’ हा प्रश्न आला तर तत्त्वज्ञान सांगू नकोस, तास घेऊन दाखव.

जमलं तर आत्ताच एखाद्या खऱ्या परक्या माणसाला शिकवायला घे. मुंबईत परदेशी कंपन्यांचे लोक आहेत, त्यांची कुटुंबं आहेत, इथे सून म्हणून आलेल्या बायका आहेत. परदेशी कोणी मिळालं नाही तर तुमच्या बिल्डिंगमधली नुकतीच दक्षिणेतून आलेली, हिंदी अजिबात न येणारी शेजारीण मिळेलच. एक महिना आठवड्यातून दोनदा तिला शिकव आणि वहीत टिपत जा, ती कुठे अडली, तू काय बदललंस. एका विद्यार्थिनीची ती वही तुझ्या बीएडच्या पाठ-टाचणांपेक्षा जास्त बोलेल.

शिफारसपत्राचं बघू. “तूच टाइप करून आण” म्हणणारे प्राचार्य तुझ्याच कॉलेजात आहेत असं समजू नकोस, आपल्याकडे ती रीतच पडलीय. सरांच्या मनात वाईट काही नाही. त्यांना वेळ नाही आणि त्यांनी तुझा तास कधी पाहिलेला नाही. पण असं पत्र तू स्वतः लिहू नकोस. एक तर ते खोटं. दुसरं, ते पकडलं जातं: निबंधातली आणि पत्रातली भाषा एकाच हातची आहे हे अनुभवी वाचणाऱ्याला सहज कळतं. आणि आपणच आपलं कौतुक लिहायला बसलो की हात नेमका ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’वर जातो. अशी पत्रं बहुधा शिफारस करणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून ऑनलाइन भरायची असतात, तेव्हा सही ठोकून भागतही नाही.

असं कर. प्राचार्यांना एक पानभर टिपण दे. पत्र नव्हे, टिपण. त्यात तू कोणते वर्ग घेतेस, किती वर्षं, सेक्रेटरीच्या पत्रांचा उपक्रम काय होता, योजना कोणती, शेवटची तारीख काय. “सर, तुम्हाला सोपं जावं म्हणून मुद्दे काढून आणलेत, पत्र तुमच्या शब्दांत हवंय, त्यांचा तसा नियम आहे” एवढं नम्रपणे म्हणालीस की पुरे. शिवाय तुझा तास पाहिलेलं माणूस शोध. विभागप्रमुख मॅडम असतील तर त्यांना पुढच्या आठवड्यात एखाद्या तासाला मागे येऊन बसायची विनंती कर. एमएच्या वेळचे प्राध्यापक तुला ओळखत असतील तर दुसरं पत्र त्यांचं. पद मोठं आणि ओळख नाही, अशा पत्रापेक्षा साध्या लेक्चररचं तपशिलाने भरलेलं पत्र मला केव्हाही जास्त वजनाचं वाटतं. नोकरीत असलेल्यांकडून संस्थेची रजेबाबतची मान्यता मागतात, त्याबद्दलही ऑफिसात आधीच विचार. तासिका तत्त्वावर रजा हा प्रकारच नसतो, त्यामुळे हेडक्लार्क आधी हसतील आणि मग “असा फॉर्मॅट आमच्याकडे नाही” म्हणतील. सूचनेची प्रिंट घेऊन जा.

फ्रान्सबद्दल थोडक्यात. भारतीयांना तिथे इंग्रजीचे असिस्टंट म्हणून घेतात हे खरं आहे. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला १२ तास, शाळेत. हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात, म्हणजे लहान गावात काटकसरीने भागतं, पॅरिसमध्ये ओढाताण. पण शाळेतल्या शिक्षकांशी, घरमालकाशी, बँकेशी सगळा व्यवहार फ्रेंचमध्ये. बारावीला टक्के वाढावेत म्हणून घेतलेलं फ्रेंच तिथे पुरत नाही, हे तुलाही माहीत आहे. मनापासून ओढ असेल तर आलियाँस फ्राँसेझमध्ये पुन्हा नाव घाल आणि पुढच्या वर्षाचा विचार कर. या वर्षी दोन दगडांवर पाय नको.

पदवीच हवी असेल तर तो सगळा वेगळा संसार आहे. अमेरिकन विद्यापीठातली टीचिंग असिस्टंटशिप ही प्रवेशाबरोबर येते, तिचा स्वतंत्र असा अर्ज क्वचितच असतो. ती मुख्यतः पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळते: फी माफ, वर मानधन, बदल्यात पदवीपूर्व वर्गांना शिकवणं, पेपर तपासणं. नुसत्या मास्टर्सला ती मिळेल असं धरून कर्ज काढू नकोस. जे. एन. टाटा एन्डाउमेंट (१८९२ पासूनची) किंवा के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांच्याकडून परदेशी शिक्षणासाठी मिळते ती कर्जाऊ शिष्यवृत्ती असते, आणि तीही पदवी अभ्यासक्रमांसाठी. एफएलटीएसाठी तिकडे धावण्याची गरजच नाही, कारण इथे खर्च योजनाच करते. आत्ता हे सगळं डोक्यातून काढ.

आत्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्याही घरी एक आहे. फक्त एवढं की योजनेत कुटुंबाला सोबत नेण्याचा खर्च नसतो, ते वर्ष एकटीने काढायचं. ही माहिती तिला कशी आणि केव्हा द्यायची ते तू बघ.

तुझं वय २७, म्हणजे वयाची मर्यादा अजून अंगावर आलेली नाही, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याइतका वेळही नाही. अर्ज निघण्याच्या साधारण वर्षभर आधी करावा लागतो. आणि या योजना सरकारी पैशांवर चालतात, भाषा, अटी, जागा बदलतात. म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नकोस, यूएसआयईएफची चालू वर्षाची सूचना स्वतः वाच, शंका असेल तर त्यांना ईमेल कर. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे भरण्याआधीही ती सूचना बघ, ती परीक्षा केव्हा आणि कोणी द्यायची ते तिथेच कळेल. सेटचा फॉर्मही भरून ठेव, बाबांसाठी नाही, स्वतःसाठी. दोन्ही तयाऱ्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

कागदपत्रांमध्ये दोन ठिकाणी मुंबईच्या मुलींची दमछाक होते. एक, विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट. मार्कशीटच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ती विद्यापीठाकडून अधिकृत काढून घ्यावी लागते आणि कलिनाला खेप पडू शकते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. दुसरं, नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, आणि वर आईचंही नाव असतं. पासपोर्टवर वेगळंच, आधारवर तिसरंच. अर्जात पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच्या तसं लागतं. आज रात्री तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून बघ. पासपोर्टच नसेल, किंवा त्यातलं आडनाव चुकलं असेल, तर निबंधाच्या आधी पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घे.